थेंब मोजल्याशिवाय बक्षीस नको

यंदाच्या जानेवारीत आपल्या शाळेचे विज्ञान प्रदर्शन भरले होते. परीक्षक म्हणून मला बोलावले होते. निवृत्त झालो तरी शाळेचे बोलावणे आले की पाय आपोआप इकडे वळतात. सभागृहात आठवीतल्या दोन मुलींनी एक मॉडेल मांडले होते. प्लायवूडची उथळ पेटी, आतून काळा रंग, वर तिरपी बसवलेली काच, काचेच्या खालच्या कडेला एक पन्हळ आणि पन्हळीच्या तोंडाशी काचेचा पेला. पेटीत मिठाचे पाणी होते. वर दोनशे वॅटचा दिवा लावला होता, कारण सभागृहात ऊन नव्हते. थोड्या वेळाने काचेला आतून दव धरले, थेंब ओघळले आणि पेल्यात चमचाभर पाणी जमले. एका पाहुण्यांनी ते चाखले आणि "वा! गोडं आहे!" म्हणाले. टाळ्या झाल्या. मागच्या तक्त्यावर रंगीत अक्षरांत लिहिले होते : "समुद्राचे पाणी घरच्या घरी गोड. भारताचा पाणीप्रश्न सुटला!"

मी मुलींना एवढेच विचारले, "ही पेटी दिवसाला किती पाणी देते?" दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एक जण प्रामाणिकपणे म्हणाली, "सर, आम्ही मोजलंच नाही."

त्या मॉडेलला पहिले बक्षीस मिळाले. निकालपत्रावर माझीही सही आहे. घरी जाताना ती सही मला बोचत राहिली. पंचवीस-तीस वर्षे मुलांना रसायनशास्त्र शिकवले, प्रत्येक उत्तरापुढे एकक लिहा म्हणून कान धरले, आणि ज्या मॉडेलमध्ये एकही आकडा नव्हता त्याला पहिला क्रमांक देऊन आलो. आज हा लेख लिहितो आहे तो त्या चुकीची थोडीफार भरपाई म्हणून, आणि शाळेच्या विश्वस्त मंडळापुढे एक मागणी ठेवण्यासाठी.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे वाचकांना वाट पाहावी लागणार नाही. शाळेच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर चालणारी ऊर्ध्वपातनाची एक खरीखुरी पेटी कायमची बसवावी. तिच्याखाली मोजपात्र ठेवावे आणि शेजारी वही ठेवावी. आणि यापुढे प्रदर्शनात ज्या मॉडेलजवळ मोजलेला आकडा नाही, त्याला बक्षीस देऊ नये.

ग्वाल्हेरला समुद्र कुठे आहे?

पहिला आक्षेप मला ऐकू येतोच आहे. आपल्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. इथे समुद्राच्या पाण्याची उठाठेव कशाला?

खारे पाणी फक्त समुद्रात असते, असा आपला समज आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. जमिनीखालच्या पाण्यात त्याच्या कितीतरी कमी असले तरी पिण्याची पंचाईत होऊ शकते. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००, २०१२) पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत. दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. ग्वाल्हेरच्या जुन्या वस्त्यांत आजही "खारा हँडपंप" आणि "मीठा हँडपंप" अशी ओळख सांगतात. आपली मुले त्याचे भाषांतर करून "खारा पाणी" म्हणतात आणि आजीकडून "खारा नाही रे, खारं!" असा शेरा ऐकून घेतात. मराठीत तर यासाठी शब्दांची श्रीमंती आहे. गोडं पाणी, खारं पाणी, आणि धड ना गोड धड ना खारट ते मचूळ पाणी. एवढे शब्द ज्या भाषेने जपले, त्या लोकांना हा प्रश्न किती जवळचा असेल याचा विचार करावा.

शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नरवरकडच्या काही गावांत प्रश्न क्षारांपेक्षा फ्लोराइडचा आहे. मानक सांगते लिटरला १ मिलिग्रॅम, फार तर १.५. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे वाकतात. फ्लोराइड उकळून जात नाही, गाळून जात नाही. वाफ मात्र त्याला मागे ठेवून वर जाते. म्हणून ही पेटी समुद्रापासून दूर असलेल्या गावांनाही समजून घेण्यासारखी आहे.

मोदकपात्राचे झाकण आणि मिठागर

मुलांनो, पेटीचे तत्त्व तुमच्या स्वयंपाकघरातच आहे. गणेश चतुर्थीला मोदकपात्राचे झाकण आई उचलते तेव्हा आतल्या बाजूने थेंब गळतात. ते पाणी चाखून पाहा (गार झाल्यावर!). खाली पाण्यात तुम्ही मीठ टाकलेले असले तरी झाकणावरचे पाणी खारट लागणार नाही. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. बस्स, एवढेच.

मुंबईहून पनवेलकडे किंवा पेण-उरण भागात गेलेल्यांनी मिठागरे पाहिली असतील. उथळ वाफ्यांत समुद्राचे पाणी घेतात, ऊन पाणी उडवून नेते आणि मीठ खाली राहते. मिठागरवाला मीठ घरी नेतो आणि वाफ सोडून देतो. आपली पेटी म्हणजे उलटे मिठागर. आपल्याला मीठ नको, उडून जाणारे पाणी हवे, म्हणून वर काच ठेवून त्याची वाट अडवायची. ऊन काचेतून आत जाते, काळ्या तळाला तापवते, पाणी तापून त्याची वाफ होते. बाहेरच्या वाऱ्याने काच त्यामानाने थंड राहते, तिला आतून वाफ लागली की थेंब बनतात आणि उतारावरून पन्हळीत येतात. यात ना पंप, ना वीज, ना गाळणी. पण साधे दिसते ते चांगले चालतेच असे नाही. ते आम्हाला गच्चीवर कळले.

गच्चीवरचे चौदा दिवस

परीक्षा संपल्यावर त्या दोघी मुली पेटी घेऊन माझ्या घरी आल्या. मीच बोलावले होते. एप्रिलचे ऊन तापू लागले होते. पेटीचे माप घेतले : ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, म्हणजे ०.३६ चौरस मीटर. ती गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून ठेवली आणि सकाळी सात ते संध्याकाळी सात पाणी मोजायचे ठरवले.

पहिल्या दिवशी बारा तासांत मिळाले २४० मिलिलिटर. म्हणजे चहाचे दोन कप. मुलींचे चेहरे उतरले. शिवाय त्या पाण्याला ऑइलपेंटचा वास येत होता. तिथे एक महत्त्वाची गोष्ट शिकायला मिळाली. क्षार मागे राहतात हे खरे, पण जे पदार्थ स्वतःच वाफ होऊन उडतात ते पाण्याबरोबर वर येतात. रंगातले द्रव्य तसेच आले होते. पेट्रोल-रॉकेल मिसळलेल्या पाण्याचेही तेच होईल. "ऊर्ध्वपातित म्हणजे शंभर टक्के शुद्ध" हे वाक्य वहीत लिहून आम्ही त्यावर काट मारली. रिकामी पेटी दोन दिवस उन्हात उघडी तापू दिली, तेव्हा वास गेला.

मग चुका शोधायला सुरुवात झाली. काचेचा उतार फारच कमी होता, त्यामुळे थेंब पन्हळीपर्यंत न पोचता मध्येच टपकून परत खाऱ्या पाण्यात पडत होते. खाली लाकडी ठोकळा घालून चालले नसते, कारण आतले पाणीच एका बाजूला गेले असते. मागची भिंत उंच करावी लागली. उतार पंचवीस अंशांच्या आसपास केला. ग्वाल्हेर साधारण २६ अक्षांशावर आहे, तेव्हा वर्षभराच्या उन्हालाही तो बरा. फटींतून वाफ निसटत होती, तिथे मत्स्यालयाच्या काचा चिकटवतात ते सिलिकॉन भरले. पेटीत तीन बोटे पाणी होते ते एका बोटावर आणले, कारण खूप पाणी तापायलाच दुपार होत होती. तळाखाली जुन्या गोधडीची घडी घातली, म्हणजे उष्णता गच्चीच्या फरशीत जाऊ नये. एके दिवशी माकडांनी पेला पळवला, तो दिवस हिशेबातून वगळला.

शेवटच्या दहा दिवसांची सरासरी आली ८५० मिलिलिटर. सगळ्यात चांगल्या दिवशी एक लिटर ६० मिलिलिटर. एका चौरस मीटरला हिशेब केला तर सरासरी २.४ लिटर, उत्तम दिवशी ३ लिटरच्या जरा आत.

एका मुलीने लगेच गणित मांडले. तिच्या घरी सहा माणसे. पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज वीस लिटरचा एक जार लागतो. वीस लिटरसाठी अशा चोवीस पेट्या हव्यात! त्यांच्या घराची गच्ची संपूनही पेट्या उरतील. तिने माझ्याकडे पाहून विचारले, "सर, मग आमचं मॉडेल खोटं होतं का?"

मी म्हणालो, "मॉडेल खरं होतं. तक्ता खोटा होता."

ऊन फुकट, पण किती?

आता पालक विचारतील, मुलींची पेटीच सदोष असेल, चांगली बनवली तर भरपूर पाणी मिळेल. पेटी आणखी सुधारता येईल, हे खरे. पण तिला एक मर्यादा आहे आणि ती कारागिराच्या हातात नाही.

घरातला १,५०० वॅटचा इमर्शन रॉड घ्या. एक लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला त्याला सव्वातीन मिनिटे लागतात. पण त्या उकळत्या लिटरची सगळी वाफ करायची तर आणखी पंचवीस मिनिटे! तापवण्यापेक्षा वाफ करायला साडेसात पटींहून अधिक उष्णता लागते. हीच ती नववी-दहावीत पाठ केलेली अप्रकट उष्णता. पाणी उकळले नाही, पन्नास-साठ अंशांवरच उडाले, तरी ही किंमत चुकत नाही. एका लिटरमागे साधारण ०.६५ युनिट.

ग्वाल्हेरच्या निरभ्र उन्हाळी दिवसात एका चौरस मीटरवर दिवसभरात सहा-सात युनिट ऊर्जा पडते. सगळीच्या सगळी कामी आली तरी दहा लिटरच्या पुढे जाता येत नाही. त्यातली काही काच परत पाठवते, काही भिंतींतून जाते, काही काच तापवण्यात खर्च होते. साध्या पेटीत एक-तृतीयांशाच्या आसपास हाती लागते, म्हणून तीन-साडेतीन लिटर. हिवाळ्यात धुक्याच्या दिवशी तर जवळजवळ काहीच नाही.

हा आकडा नवा नाही. १८७२ साली दक्षिण अमेरिकेतल्या आजच्या चिली देशात, अटाकामा वाळवंटातल्या लास सालिनास इथे सोराखाणीच्या कामासाठी सौर ऊर्ध्वपातनाचा मोठा कारखाना उभारला होता. तिथले पाणी इतके खारे की माणसांना आणि गाडे ओढणाऱ्या खेचरांना पिता येत नव्हते. सुमारे साडेचार हजार चौरस मीटर काच होती आणि उन्हाळ्याच्या चांगल्या दिवशी वीस हजार लिटरहून अधिक पाणी मिळे. भागाकार करून पाहा : चौरस मीटरला साडेचार-पाच लिटर. कोरड्या वाळवंटातल्या कडक उन्हात, कसबी कारागिरांच्या हातून, एवढेच. दीडशे वर्षांनंतरही साध्या पेटीचा आकडा त्याच घरात आहे. सूर्याने दर वाढवलेला नाही.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. भावनगरला १९५४ पासून केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७८ च्या सुमारास जवळच्या अवाणिया गावात दिवसाला पाच हजार लिटर क्षमतेचे सौर ऊर्ध्वपातन केंद्र उभारले. त्यावर १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाच्या लेखकांत घोघारींबरोबर नातू आणि गोमकाळे ही आडनावे आहेत. गुजरातेत राहून मराठी माणसांनी पाण्यासाठी केलेले हे काम आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत तरी ठाऊक असायला हवे. आणि तो शोधनिबंध आहे म्हणजे तिथे कोणीतरी रोज पाणी मोजले होते, हेही लक्षात असू द्यावे.

आत्याच्या घरचा रांजण

मग ही पेटी निरुपयोगी ठरते का? नाही. कुठे उपयोगी आणि कुठे नाही, हे आकडाच सांगतो.

माझी आत्या अकोला जिल्ह्यात अकोटच्या बाजूला दिली होती. सुट्टीत आम्ही पंजाब मेलने भुसावळ आणि तिथून गाडी बदलून अकोल्याला जात असू. तो पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावे त्यात येतात. काळीभोर जमीन, कपाशीचे उभे पीक, आणि विहिरीला पाणी लागले तर ते खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि चहा केलाच तर दूध नासे. आत्याच्या ओसरीत एक मोठा रांजण होता. त्यात पावसाचे पाणी धरून ठेवलेले असे आणि ते पाहुण्यांच्या चहाला व लहान मुलांना प्यायला तांब्यातांब्याने निघे. आम्ही ग्वाल्हेरची पोरे नळाच्या सवयीने तांब्या भरून चूळ भरली, तेव्हा आत्या रागावली नाही. गप्प बसली. ते गप्प बसणे मला आज कळते.

आत्याच्या घरी नऊ माणसे होती. पिण्या-स्वयंपाकाला तीस लिटर धरले, तर तीन लिटरच्या दराने दहा चौरस मीटर काच हवी. त्या काळात, त्या घराला ते शक्य नव्हते. पण फक्त तान्ह्या बाळापुरते आणि आजारी माणसापुरते पाणी हवे असेल तर? एक चौरस मीटरची पेटी पुरली असती. जिथे दुसरे काहीच नाही तिथे तीन लिटरलाही मोल आहे. दुसऱ्या महायुद्धात मारिया टेल्केस या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत नेमके हेच ओळखले. समुद्रात पडलेल्या वैमानिकांसाठी त्यांनी प्लास्टिकचे फुगवता येणारे ऊर्ध्वपातन यंत्र तयार केले. शहराची तहान भागवणे हा त्यामागचा हेतू नव्हता. बुडत्या माणसाला चार दिवस जगवणे हा होता.

शहरासाठी मार्ग निराळा आहे. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० पासून समुद्राचे पाणी गोडे करणारा, दिवसाला दहा कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे. तिथे पाण्याची वाफ करत नाहीत. दाब देऊन ते अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात. आपल्या घरातले आरओ यंत्र त्याचेच धाकटे भावंड. या पद्धतीने समुद्राचे हजार लिटर पाणी गोडे करायला आजकाल तीन-चार युनिट वीज पुरते. वाफेच्या मार्गाने साध्या पेटीत तेवढ्यालाच साडेसहाशे युनिट उष्णता लागते. ऊन फुकट असले तरी काच, जागा आणि रोजची निगा फुकट नसते.

पण आरओ म्हणजे डोळे मिटून घ्यायची वस्तू नव्हे. घरगुती यंत्र बहुधा एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली म्हटले की जिथे क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी असावी. आपल्यापैकी किती घरांत यंत्र बसवण्याआधी पाण्यातले क्षार मोजले होते? मीही मोजले नव्हते. शेजाऱ्यांनी घेतले म्हणून घेतले.

सगळ्यात मोठी पेटी

चौदा दिवसांच्या वहीने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे.

मुली वर्षाचा हिशेब करत होत्या. वर्षातले तीनशे दिवस ऊन धरले आणि रोज २.४ लिटर, तर एका चौरस मीटरला ७२० लिटर. तेवढ्यात दुसरी म्हणाली, "सर, पाऊस पण मोजायचा का?" ग्वाल्हेरला वर्षाला साधारण ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर ८०० मिलिमीटर म्हणजे ८०० लिटर. दोघी हसू लागल्या. एवढी काच, सिलिकॉन, गोधडी, माकडांशी भांडण, आणि काहीच न करता तेवढेच गोडे पाणी आपल्या गच्चीवर दर वर्षी पडते! अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर ही ती मोठी पेटी. सूर्य पाणी उचलतो, मीठ मागे ठेवतो आणि आषाढ-श्रावणात आपल्या दारात आणून ओततो. आपण पन्हळ लावायची विसरतो.

शाळेच्या मुख्य इमारतीचे छप्पर चारशे चौरस मीटर धरले, तर वर्षाला तीन लाख वीस हजार लिटर. थोडे वाया गेले तरी अडीच लाख कुठे गेले नाहीत. आज हे पाणी फुटक्या पाइपांतून मैदानात जाते आणि मुलांच्या बुटांना चिखल लावते.

ग्वाल्हेरच्या माणसाला हे बाहेरून शिकायला नको. मान वर करा, किल्ला दिसतो. त्या उंच खडकावर नदी नाही. तरी तिथे शतकानुशतके माणसे राहिली ती सूरजकुंड, जौहर कुंड, मानसरोवर, कटोरा ताल, एक खंबा ताल यांच्या जिवावर. खडकावर पडलेला पाऊस त्यांनी अडवला. पुढे शिंदेशाहीत, १९१६ साली, सांक नदीवर तिघरा धरण झाले. विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे त्याला बसवले होते. दुसऱ्याच वर्षी ते फुटले आणि मग पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून लष्कर आणि आसपासच्या वस्त्या तिघऱ्याच्या भरवशावर नळ सोडू लागल्या. पण पाऊस दगा देतो त्या वर्षी एक दिवसाआड पाणी येते, हे आपण भोगले आहे. एका धरणावर भार टाकून स्वस्थ बसता येत नाही.

विश्वस्त मंडळास विनंती

माझी मागणी तीन भागांत मांडतो.

पहिली : प्रयोगशाळेच्या गच्चीवर दोन चौरस मीटरची चांगली ऊर्ध्वपातन पेटी बसवावी. उन्हाळ्यात तिच्यातून रोज पाच-सहा लिटर पाणी मिळावे. ते पिण्यासाठी नको. त्यात शरीराला लागणारे क्षार नसतात, आणि रंग, चिकटवणी यांची खात्री नसते. पण प्रयोगशाळेत द्रावणे करायला आणि कार्यालयाच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आपण बाजारातून डिस्टिल्ड वॉटर विकत आणतोच. मापन करून शुद्धता पुरेशी आढळली, तर तो खर्च वाचेल. न आढळल्यास का नाही, हा वर्गाचा पुढचा प्रयोग होईल.

दुसरी : आठवीच्या मुलांनी पाळीपाळीने वही ठेवावी. किती पाणी घातले, किती मिळाले, आभाळ कसे होते. मोजायला विसरलेला दिवस कोरा ठेवावा, अंदाजाने भरू नये. महिन्याचा आकडा सूचनाफलकावर आणि या वार्तापत्रात छापावा.

तिसरी : पाऊस येण्याआधी छपराचे पाइप दुरुस्त करून निदान एका टाकीत पाणी घ्यावे. आपल्याकडे मृग कोरडाच जातो आणि पाऊस जूनअखेर येतो, म्हणजे अजून वेळ आहे.

काही पालक म्हणतील, याला बोर्डाच्या परीक्षेत किती गुण आहेत? एकही नाही. पण मुलांना उद्या आरओवाला, बोअरवाला, निवडणुकीतला उमेदवार आणि मोबाइलवर येणारी चित्रफीत, सगळेच सांगणार आहेत की पाणीप्रश्न सुटला. तेव्हा "किती लिटर? रोज? किती जागेत?" असे विचारायची सवय त्यांना आपण लावली नाही तर कोण लावणार? विश्वस्त म्हणतील, माकडे काच फोडतील. फोडतील कदाचित. वर जाळी लावू. खर्चाचे म्हणाल तर एका सुताराचा दिवस, थोडी काच आणि लाकूड. माजी विद्यार्थ्यांनी ठरवले तर शाळेच्या तिजोरीला हातही लावावा लागणार नाही. माझा वाटा मी आजच देतो.

त्या दोन मुलींनी नवा तक्ता केला आहे. त्यावर रंगीत अक्षरे नाहीत. "या पेटीतून एप्रिल महिन्यात दिवसाला सरासरी ८५० मिलिलिटर पाणी मिळाले. पेटीचे क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर. एक दिवस माकडांमुळे मोजता आले नाही." माझ्या मते पहिले बक्षीस या तक्त्याला मिळायला हवे होते. जानेवारीतल्या निकालपत्रावर मला पुन्हा सही करता येणार नाही, पण हा तक्ता मुख्याध्यापकांच्या परवानगीने प्रयोगशाळेच्या दारावर लावला आहे. येता-जाता जरूर वाचावा.

— एक माजी विद्यार्थी व निवृत्त शिक्षक